गौरीचा तेरडा

हे नेमकं असंच घडलं का, याची खात्री मी देत नाही. गौरी आणायच्या सकाळी खारघरच्या टेकडीवर मला दोन प्रकारचे तेरडे दिसले, दोन्ही गुलाबी. एकाची पानं एकाआड एक, दुसऱ्याची समोरासमोर. गोंधळून दुसरा उपटला. दाराशी येऊन पिशवीतलं वनस्पतींचं पुस्तक उघडलं, तर त्यात तेरडा एकाआड एक पानांचा.

"अगं, पुस्तकातला तेरडा हा नव्हे! परत जाऊ का?"

बायको ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. "अहो, पोर माहेरी आलीय. उंबऱ्यात तिची कागदपत्रं कसली तपासता?"

गौर बसली. विसर्जनापर्यंत प्रत्येक आरतीत मी पानंच बघत होतो.

काही वर्षांनी बायकोच्या माहेरी, जासईला, सणाला गेलो. साडी नेसवलेल्या गौरीजवळ वाकून पाहिलं. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या समोरासमोरच्या पानांचाच तेरडा पुजतात.