पडद्याची बायकांकडची बाजू

…आणि वर मलाच म्हणतात, खाली बसा! अहो, काय खाली बसा? तुम्हाला सांगते, माझा नवरा, मातीत घालून वर्ष होत आलेला माझा नवरा, समोरच्या चादरीवर इंजिनातून डोकं बाहेर काढून बघतोय, आणि मी खाली बसू? तुम्ही बसला असता? हात वर करा बघू, कोण बसलं असतं! …नाही ना कुणी? मग मलाच का सांगत होते मेले!

थांबा, मधूनच सांगायला लागले.

मी दबोरा. शिरूरच्या मिशनच्या चाळीत वाढले, दौंडला दिली. नवरा अब्राहाम, रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनाच्या पोटात कोळसा मारायचा. शाळेत मी गेले नाही, आईला घरात राबायला हात हवे होते. अक्षरं माझी मी शिकले, देवळाच्या भिंतीवरून, बिस्किटाच्या डब्यावरून, स्टेशनच्या पाट्यांवरून. कुणी विचारलं, "दबोराबाई, कुणी शिकवलं?" की मी म्हणायची, "मीच!" त्यात लाजायचं काय? गुरुजी नव्हता, म्हणून छडीही नव्हती.

तर सत्तावन्न साल असेल, दौंड स्टेशनात सिनेमावाले आले. त्यांच्या हिरोची गाडी सुटायची होती, तिला इंजिन हवं, इंजिनाला फायरमन हवा, आणि त्या दिवशी ड्यूटी कुणाची? आमच्या माणसाची! घरी आला तो तोंडसुद्धा धुवेना. काजळीनं काळाकुट्ट, नुसते दात आणि उजव्या गालावर तो भाजल्याचा डाग, रुपयाएवढा, गुळगुळीत. त्यावर काजळी धरायचीच नाही, अंधारातसुद्धा चकाकायचा. म्हणाला, "दबोरा, ते मला म्हनले, ए फायरमन, कॅमेऱ्याकडं अजाबात बघायचं न्हाई. म्या बघितलं."

"आवो, का पण?"

"तू बघाया जाशील, तवा म्या काय दुसरीकडं तोंड करून बसू व्हय?"

असा माणूस. घरी कधी वेळेवर आला नाही, दर वेळी भाकरी गार. आणि सिनेमा यायच्या आधी मात्र विषमज्वरानं गेला. तिथं तेवढी घाई! मी त्याच्या आईला, दयाबाईला, माझ्या आत्याबाईंना घेऊन राहिले. दोघीही हट्टी, एका चुलीवर.

पुढल्या उन्हाळ्यात पोपटराव सिनेमावाला बोंबलत आला, "आपल्या दौंड स्टेशनाचा सिनेमा! चला, चला!" एरवी तो तंबू लावायचा, पण दौंडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, तंबूत माणसं शिजून निघायची, म्हणून त्यानं तंबूच काढून टाकला. वर आभाळ, खाली माती, मधे दोन बांबूंना बांधलेला पडदा. मजा यायची, नाही म्हणत नाही मी. दिवस मावळला की नदीकडून वारा सुटायचा, पोरं मातीत लोळायची, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं उडायची, आणि मधेच मालगाडी गेली की हिरो काय बोलला ते कुणालाच कळायचं नाही. मग जो तो आपल्या मनानं भर घालायचा. आमच्या शेजारणीनं तर एकदा अशा गाडीच्या आवाजात हिरोचं लग्न लावून टाकलं होतं!

पण बसायची तऱ्हा काय, ऐका. गडीमाणसं पडद्याच्या पुढं, बायका पडद्याच्या मागं! मधे अंतरपाट धरल्यासारखा पडदा, आणि लग्न कुणाचंच नाही. आणि मागून चित्र दिसावं म्हणून दिवेलागणीला पोपटराव पडद्यावर घागरीनं पाणी मारायचा. आम्ही नळावर भांडून भांडून एक हंडा आणायचो, आणि इथं चादरीला न्हाणं! का, तर ओल्या कापडातून चित्र पलीकडं उमटतं म्हणे. उमटायचंही, खोटं कशाला बोलू.

एरवी घरचं आवरून पोचेस्तोवर नावं होऊन गेलेली असायची, त्या दिवशी मात्र आम्ही वेळेत गेलो. सुरुवातीला नावं आली. मी सरसावून बसले, सगळ्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. आणि तुम्हाला सांगते, एक अक्षर लागेना! काना भलतीकडं, वेलांटी भलतीकडं. मला वाटलं, असतील बाई अजून काही अक्षरं, माझी शिकायची राहिलेली. शेजारीण विचारतेय, "काय लिवलंय गं, दबोरा?" म्हटलं, "लिवणाऱ्यांची नावं हायत, तुला काय करायचीत? गप बघ."

मग सिनेमा. तर त्यात अख्खं गाव डावखुरं! हिरो डाव्या हातानं जेवतोय, डॉक्टर डाव्या हातानं सुई टोचतोय. आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या घरचं पोरगं, पण वळण न्हाई बघ आईचं." म्हटलं, शहरगावची रीत असेल. आपण काय बोलायचं?

आणि मग आलं इंजिन. पांढरा धूर, शिट्टी, आणि दांड्याला धरून डोकं बाहेर… अब्राहाम! डोक्याला रुमाल, तेच दात, आणि बघतोय सरळ माझ्याकडं! ज्याला बघू नको सांगितलं होतं तो बघतोय, आणि ज्यांना बघायला पगार दिला ते सगळे दुसरीकडं बघतायत! मी ताडकन उभी. मागून सगळ्या बाया, "ए बाई, खाली बस! खाली बसा वो!"

मी ओरडले, "आत्याबाई, बघा, तुमचा ल्योक!"

म्हातारीनं डोळे बारीक केले, मान पुढं काढली, बघितलं… आणि इंजिन गेलं. एवढंच होतं ते. हातातली शेंग फोडून होईस्तोवर माणूस आला आणि गेला.

म्हणाली, "ह्यो न्हवं."

"न्हवं? न्हवं कसं?"

"माझ्या अब्राहामाचा डाग उजव्या गालाला. ह्याचा डावीकडं हाय. अगं, रांगत चुलीपाशी आलं लेकरू, आन् म्या तवा वढला तसा निखारा उडाला. तो गाल म्या भाजलाय, मला विचार! ह्यो दुसराच कोन तरी." आणि मग पदर डोक्यावर घेऊन हळू म्हणाली, "दुसऱ्याचं पोर बघून रडू न्हाई, बाई. आसंल त्याची आई कुठंतरी."

मी नवरा ओळखू नये? आणि तिनं तरी पोटचा गाल विसरावा? घरी आलो, दोघी जेवलो नाही. दोघींनाही आपलंच खरं!

दुसऱ्या संध्याकाळी मी एकटी गेले ती थेट पोपटरावाशी भांडायला. म्हटलं, ह्याला विचारते, ही असली अक्षरं तुझ्या कुठल्या पुस्तकात असतात ते सांग. पडद्याला वळसा घालून पुढच्या बाजूला आले, बोलायला तोंड उघडलं, पडद्याकडं बोट केलं… आणि सगळं वाचता आलं की हो! काना तिथं काना, वेलांटी तिथं वेलांटी. हिरो जेवायला बसला, उजव्या हातानं! पळत मागं गेले, डाव्या हातानं. पुढं आले, उजव्या. मागून, पुढून, दोन्हीकडून लोक, "खाली बसा, खाली बसा!"

तुम्हाला सांगते, माझ्या अंगाचा असा भडका उडाला! म्हणजे इतकी वर्षं आम्हा बायकांना सगळा सिनेमाच उलटा? म्हटलं, "पोपटराव, आमच्याकडनं तुमचा सिनेमा उलटा दिसतोय!"

तो शेंगा खात म्हणाला, "बाई, उलटा काय आन् सुलटा काय, गोष्ट तीच हाय न्हवं?"

"गोष्ट तीच, पण गाल येगळा!"

"आँ?"

"उद्या माझी सासू पुढं बसणार."

"पुढं गडीमान्सं बसत्यात. रीत हाय."

"मग गडीमान्सं बसवा मागं. बघू द्या एक दिवस डाव्या हातानं!"

दुसऱ्या दिवशी शेवटचा खेळ. आत्याबाईंचा दंड धरून मी गड्यांच्या बाजूला गेले आणि बरोबर मधोमध सतरंजी टाकली. काय ती कुजबुज! एक फेटेवाला म्हणतो, "बायकांनी मागं जावं." म्हटलं, "मामा, तुमचा फेटा मागं पाठवा, मग आम्ही जाऊ." एक म्हणतो, "काय काळ आला!" पण आम्ही हाललो नाही. आत्याबाई म्हणत होत्या, "दबोरा, उगी तमाशा. त्यो न्हवं गं." पण हात माझा असा घट्ट धरून बसली होती, की नसता तो, तर एवढा कशाला धरला असता?

स्टेशन आलं. लोक फलाटावर आले. धूर आला. मी म्हटलं, "आत्याबाई, आता बघा!" …आणि वावटळ! वैशाखातली, तुम्हाला ठाऊक आहे, कुठून उठते ते कळत नाही. माती डोळ्यांत, एक बांबू वाकडा, आणि पडदा निघाला उडत रुळांकडं. चादरीवर माझा नवरा आणि चादर आभाळात! मी धावले हो तिच्या मागं. सगळं मैदान डोळे चोळत बसलेलं, त्यातूनही एक जण ओरडला, "बाई, खाली बसा!" अरे, काय बघायचं राहिलं होतं त्याला?

पोपटराव बाडबिस्तरा घेऊन दुसऱ्या गावी गेला. सिनेमाही गेला.

वर्षभर म्हातारीनं सिनेमाचं नाव काढलं नाही. फक्त म्हणायची, "दिवा मोठा कर गं." मी मोठा करायची. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, तांब्या हातानं चाचपडत शोधायला लागली. मी आपली बडबडायची, "आत्याबाई, ध्यान कुठं असतं तुमचं?"

मग माझा भाऊ बन्यामीन पुण्यात कामाला होता, त्याचा निरोप आला, तोच सिनेमा लष्करातल्या, म्हणजे तिथल्या कॅम्पातल्या, मैदानावर लागतोय, उन्हाळ्यापुरता, उघड्यावरच. गेलो. आणि काय ते शहर! मैदानाला पाणी शिंपडलेलं, मोगऱ्याचे गजरे, कुल्फीवाला त्याची गॅसबत्ती घेऊन कडेला, वारा असा की माणसाला घरदार आठवू नये. पडदा भिंतीएवढा, चुन्यासारखा पांढरा. आणि पडद्याच्या मागं? कुणी नाही! बायका, पुरुष, पोरं, सगळे एकाच बाजूला बसलेले! मी पोराटोरांसारखी हसले. म्हटलं, बघा आत्याबाई, इथं कुणी भांडायलाच नाही. वाईटच वाटलं जरासं.

नावं आली, सगळी घडाघडा मोठ्यानं वाचली. पुढचा म्हणाला, "आजी, आम्हालाही येतं वाचता." आजी! मला! चाळिशीही नव्हती आली माझी.

स्टेशन आलं. लोक फलाटावर. मी आत्याबाईंकडं वळले, म्हटलं, आता डोळे मिटू नका… आणि बघते तर त्यांचं तोंड पडद्याकडं नव्हतंच. कुल्फीवाल्याच्या बत्तीकडं होतं. जिकडं उजेड तिकडं पडदा, असं धरून बसली होती म्हातारी! किती दिवस दिसत नव्हतं, देव जाणे. बोलली नाही. मी एवढी भांडले होते ना तिच्यासाठी!

मी पडद्याकडं बघितलं. शिट्टी झाली, धूर आला, आणि खट्ट! सिनेमाची पट्टी झिजून तुटलेली, कुणीतरी तेवढा तुकडा काढून जोडलेली. धूर होता, आणि एकदम गाडी पार रानात. मधला माणूसच नाही.

आता सांगा, काय करायचं? दहाच्या दहा आज्ञा मला पाठ. खोटं बोलायला मी कुणाला शिकवलं नाही आणि स्वतःही शिकले नव्हते.

"आला का गं?" म्हातारीनं विचारलं.

म्हटलं, "आला. आला, आत्याबाई."

"डाग?"

"उजव्या गालावर."

"मग माझाच." माझा हात चाचपडत धरला. "तुझ्याकडं बघतोय?"

अहो, ती एक नजर माझी होती. माझ्यासाठी म्हणून त्यानं टाकली होती, साहेबांचं न ऐकता. दुसरं काही ठेवून गेला नव्हता तो मला.

म्हटलं, "न्हाई. तुमच्याकडं."

तशी म्हातारी उठून उभी राहिली. कुल्फीवाल्याच्या बत्तीकडं हात हलवला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अब्राहामा, जेवलास का रं?"

मागून उठले सगळे, "म्हातारे, खाली बस! खाली बसवा हो तिला!"

मी वळले. तुम्हाला वाटेल, भांडले असेन. नाही. मीही तिच्याशेजारी उभी राहिले, पडद्याकडं पाठ करून. ओरडू दिलं पुण्याला.

आत्याबाई गेल्या, त्यालाही आता जमाना झाला. मी परत शिरूरला आले. उन्हाळ्यात अजून संध्याकाळी दारात उभी राहते, वारा येतो म्हणून. कितीही वेळ उभी राहा… खाली बसा म्हणायला आता मागं कुणी बसलेलंच नाही.