पडल्याचा आवाज

घाटकोपरच्या दवाखान्यात बळवंतरावांची दाढ ठणकत होती, पण कान शेजारी बसलेल्या दोन गेम बनवणाऱ्या पोरांकडे लागले होते.

"मुकुल, अण्णांना दाखवलास त्यांनी बनवलेला जुना गेम, आपण नव्याने केलेला?"

"दाखवला रे धवल. उड्या झकास मारल्या. मग मुद्दाम खड्ड्यात पडले. तीनदा."

"मुद्दाम कशाला?"

"जुन्यात हीरो पडला की 'अगं बाई!' ऐकू यायचं ना? तो काकूंचा, अण्णांच्या बायकोचा आवाज होता."

"वारल्या त्या काकूंचा? आणि आपण जुनाट म्हणून काढून टाकला?"

"हो ना यार."

"जुन्या डिस्कवर असेल की."

"एकच होती. भंगारात गेली."

"वाट लागली! अण्णांना सांगितलंस?"

"स्पीकर बिघडलाय म्हटलं."

"मग?"

"म्हणाले, घाई नाही, दुरुस्त झाला की आण. मी वाट बघतो."