विलाकोयो? हे काय, इथंच

हॅलो?… हॅलो, कोण?… अक्का? अगं, तू? तुझ्याकडं रेंज कुठनं आली?… टेकडीवर चढलीस? त्या गुडघ्यांनी?… बरं, ओरडू नकोस, येतंय मला ऐकू.

हो, सेवेराच बोलतेय. माझ्या लॉजवर दुसरं कोण उचलणार फोन?

काय?… पाव?… पोचले नाहीत म्हणजे?… किती वाजले?… दीड? आणि अजून नाहीत?

हो… हो, कळतंय मला. बाराच्या ठोक्याला आई आली आणि तिच्या टेबलावर पाव नाहीत. नुसता बटाटा आणि मक्याची दारू. हो गं, शेवटचं टेबल आहे तिचं, मेल्यापासनं तिसरं वर्ष, पुढच्या साली ती यायची नाही, ठाऊक आहे मला… अगं थांब. आधी ऐक, मग चीड. पाव मी पाठवलेत. सगळे. आईच्या नावाची बाई, प्लास्टरचं तोंड लावून, तिचा घोडा, सूर्य, चंद्र… हो, शिडीसुद्धा. सात पायऱ्यांची, चांगली हातभर. काल दिवसभर भट्टीपुढं बसून भाजलेत. आणि आज पहाटे पाचला इथनं निघालेत.

जीपनं नाही गं. आज कोण जीप काढतंय? सगळे ड्रायव्हर घरी टेबलं मांडून आपापल्या मेलेल्यांजवळ बसलेत… माझ्या पाहुण्यांबरोबर पाठवलेत. दोघं आहेत. चालत.

चालत म्हणजे पायानं, अक्का.

अगं डेन्मार्कचे आहेत. तोरबेन आणि मेरेट. चांगली पोरं आहेत… ओळख म्हणजे काय, सहा दिवस राहिलेत माझ्याकडं. सहा दिवसांत माणूस कळतं. वर्षभर फिरतायत, पाठीवर हे एवढं बोचकं, आणि रोजचा खर्च ठरलेला. त्यापुढं दमडी सुटत नाही हातातनं. पहिल्या दिवशी मला विचारतात, पांघरूण नाही घेतलं तर भाडं कमी होईल का?… चेष्टा नाही, खरंच. म्हटलं, बाळांनो, पांघरूण नाही घेतलं तर भाडं द्यायला सकाळी उठणार नाही तुम्ही.

एक कांदा तीन दिवस पुरवतात. मी बाजारात वर मूठभर मागून घेते तर मला लोक चिकट म्हणतात. ह्यांच्यापुढं मी म्हणजे खाणीची मालकीण.

जाऊ दे. तू विचारतेस काय आणि मी सांगतेय काय.

तर त्यांना जीपची सहल परवडेना. आणि वर म्हणतात, आम्हाला जिथं पर्यटक जात नाहीत तिथं जायचंय. म्हटलं, मग माझ्या बहिणीच्या गावाला जा, विलाकोयोला. तिथं कुत्रंही जात नाही… तुझ्या गावाला नावं नाही गं ठेवत. त्यांनाच आवडलं ते, वहीत लिहून घेतलं. म्हटलं, जाताच आहात तर आईचे पाव न्या. त्याबद्दल एक रात्र फुकट. फुकट म्हटल्यावर दोघांचे डोळे असे चमकले, काय सांगू.

लांब?… विचारलं ना त्यांनी. किती लांब आहे, असं विचारलं…

मी काय सांगितलं? मी सांगितलं, हे काय, इथंच.

…शिव्या नको देऊस अक्का, आज आई घरात आलीय.

मग काय सांगायचं होतं? गच्चीवर नेऊन दाखवलं मी त्यांना. तुमचं चर्च दिसतं इथनं, मिठाच्या खड्याएवढं. डोळ्यांना दिसतंय ते इथंच नाही तर कुठं? बाबा मिठाच्या खेपेला न्यायचे तेव्हा काय म्हणायचे? इथंच, पोरींनो. आणि चार दिवस चालायचो आपण लामांच्या मागं… हो, आपण इथल्या. हो, ती समुद्राकाठची. तेही खरं.

नकाशा आहे ना त्यांच्या फोनमध्ये… विलाकोयो नकाशात नाही?… असेल बाई.

पाणी नेलंय. एक बाटली… दोघांत.

अक्का, मोज बरं जरा. पाचला निघालेत. साडेआठ तास झाले. ती मेरेट तर माझा जिना चढताना धापा टाकते. दिवसाला सहा सहा कप कोकाचा चहा प्यायची… हो, फुकट असतो म्हणूनच, पण धाप खरी होती. तिकडं सपाटीवर वाट चुकली तर विचारायला माणूस नाही. मी मारलं का गं त्यांना? चार पाव पोचवायच्या नादात?

नाही म्हण ना… म्हणतेस, पण मनापासून नाही म्हणत तू.

तू अजून टेकडीवरच आहेस ना? मग बघ की जरा. सान इसिद्रोच्या बाजूला, कोरड्या नदीच्या अलीकडं… काहीच नाही?… डोळ्यांवर हात आडवा धर आणि बघ…

नाही, नाही. गरम पाणी सहानंतर. सहा… तुला नाही गं, इथं एक पाहुणा टॉवेल गुंडाळून उभा आहे. तू बघ.

काय?… हलतंय? किती आहेत?… तीन? तीन कसे असतील, मी दोनच पाठवलेत. मान लांब आहे का?… मग त्या विकुन्या. चरू देत त्यांना. पुढं बघ.

उजवीकडं?… रंग कसला?… नीट सांग, लाल की नारिंगी?… नारिंगी. त्याचं जाकीट नारिंगी आहे, अक्का. नारिंगी विकुन्या मी तरी पाहिली नाही. आणि दुसरं?… बसलंय?… तो उठवतोय?… उठली?… दोघं चालतायत ना? नक्की दोघं?

थांब जरा. खाली बसते मी.

रडत नाहीये. धूळ गेली डोळ्यात.

हाक मार त्यांना. फोन बंद नको करूस, परत लागायचा नाही. नुसता हातात धर आणि हाक मार. आणखी जोरात. टोपी काढून हलव… बघितलं त्यांनी? वर येतायत?… या म्हणावं, या, सरळ या.

…

हां, बोल. आले?… तोंडं कशी आहेत?… भाजलीत. ओठ फुटलेत. पण उभी आहेत ना? पाणी दे. घोट घोट दे, एकदम नको. आणि त्याला खाली बसव, पडेल तो लांब्या… नाही, मला नाही बोलायचं त्यांच्याशी. कुठल्या तोंडानं बोलू?… काय म्हणतोय?… “इथंच”?… एवढंच म्हणतोय? हसून म्हणतोय का रडून?… दोन्ही.

बरं. जीव आला जिवात. आता पाव काढून घे आणि पळ टेबलाकडं. गाठोडं मेरेटच्या पाठीवर असेल, पांढऱ्या फडक्यात… फडकं आहे ना?… आणि आत?

…तोंड? नुसतं तोंड?

सावकाश सांग, अक्का. बाई खाल्ली… घोडा खाल्ला… सूर्य, चंद्र, सगळं… आणि आईचं तोंड तेवढं परत आणलं. अगं ते प्लास्टरचं आहे म्हणून राहिलं. नाहीतर तेही गेलं असतं.

मी सांगितलं होतं की त्यांना. छातीवर हात ठेवून सांगितलं, हा पाव आत्म्यासाठी आहे. मेरेट म्हणाली, हो हो. आता कळलं मला. त्यांना वाटलं, त्यांच्याच आत्म्यासाठी दिलाय. त्यांच्याकडं पाव असाच विकतात म्हणे, मनाला बरं, जिवाला बरं, म्हणून. वर माझे आभार मानून गेली. मला वाटलं किती भाविक आहे पोरगी.

हसतेस काय?… अगं हसतेस काय तू?… बरं, हस. मलाही यायला लागलं.

हो, उपाशी होते. पहाटेपासून दुसरं काय खाल्लं असणार, तो कांदा? … हो गं, आई असती तर तिनंच वाढलं असतं. वाटसरूला द्यायचेच असतात ते पाव, पण आधी प्रार्थना, मग पाव. ह्यांनी उलटं केलं. मग आता बसव दोघांना टेबलापुढं आणि म्हणायला लाव. त्यांच्या भाषेत म्हणू देत. आईला शेवटी शेवटी कुठल्या भाषेतलं ऐकू येत होतं?

आणि शिडी?

शिडी, अक्का. शिडी तरी ठेवलीय ना?

…एकही पायरी नाही.

मग उद्या बाराला आई वर जाणार कशानं? दरवर्षीची गोष्ट वेगळी. उद्या ती कायमची जायची. शिडीशिवाय तिला काय दाराशी ताटकळत ठेवायचं?… तूच भाज ना एक… भट्टी पडली? कधी?… मला सांगितलं नाहीस ते… सांगितलं होतंस. हां. असेल.

बरं, मग ऐक. माझ्याकडं मळलेलं पीठ उरलंय. मी दुसरी भाजते आणि पाठवते. संध्याकाळी दोन फ्रेंच यायचेत, त्यांनाही चालायची भारी हौस असते. ह्या वेळी फडक्यावर लिहूनच देते, खाऊ नका म्हणून…

काय म्हणालीस?

…नाही, ऐकू आलं. परत नको म्हणूस.

आई मेलेली, ती दरसाल येते. ही पोरं समुद्रापलीकडनं येतात. मला तेवढं विलाकोयो लांब. असंच ना?

पहिल्या वर्षी रस्ते अडवले होते गं… हो, चालायला रस्ता लागत नाही. दुसऱ्या वर्षी लॉज भरलेलं… हो. ह्याही वर्षी भरलेलं. दरवर्षी भरलेलंच असतं.

अक्का, लॉजचं सोड. तूही जाणतेस आणि मीही. तू निरोप पाठवलास, आई तुझं नाव घेतेय, लगेच ये म्हणून. मी तेव्हा बारा जणांचा नाश्ता करत होते. म्हटलं, ही आलेच. आणि आलेच म्हणून दुसऱ्या दिवशी… नाही, तिसऱ्या दिवशी निघाले. येऊन बघते तर तू तिला कपडे घालून ठेवलेलं. तेव्हापासून मला भीती वाटते. वाटतं, मी टेबलाशी बसले, ती आली आणि मला बघितलं, तर ती जेवायची नाही. तशीच उठून जाईल. म्हणून नाही येत मी. झालं समाधान?

…

काय?… काय म्हणाली होती ती?

…

“पाहुण्यांचं झालं की येईल ती.” असं म्हणाली? रागानं?… नाही?… आणि मग झोपली.

हे तू तीन वर्षांत मला एकदाही सांगितलं नाहीस, अक्का… हो. आलेच नाही तर सांगणार कुणाला. बरोबर आहे.

पाहुण्यांचं होतच नाही गं. एक गेला की दुसरा येतो.

थांब… नाही, ठेवू नकोस, थांब. पीठ मळलेलं आहे. आत्ता भट्टी लावते, चारपर्यंत शिडी होते. पहाटे तीनला निघते… कुणाबरोबर कशाला? मी आणते. मी स्वतः आणते… वाट मला विचारतेस? नदीच्या पात्रातनं येईन, त्यांच्यापेक्षा दीड तास कमीच लागेल मला… गुडघा तुझा दुखतो. माझा कधीच दुखत नव्हता, ते मी उगाच सांगायचे.

अहो, गरम पाणी हवंय ना? घ्या, आत्ताच घ्या, काडेपेटी खिडकीत आहे. आणि सगळ्यांना सांगा, उद्या नाश्ता नाही. चहा आपला आपण करून घ्या… कुठं म्हणजे? आईकडं चाललेय मी.

अक्का?… आहेस ना? तुझा आवाज तुटतोय… वारा सुटला असेल तिकडं. पटकन ऐक. उद्या बारा वाजले आणि मी दिसले नाही, तर आईला सांग, लगेच उठू नकोस म्हणावं. सेवेरा येतेय. पाहुण्यांचं झालंय तिच्या… बसवून ठेव तिला जरा. काहीतरी बोलत राहा. माझ्या कागाळ्या सांग हवं तर, वेळ जाईल… अक्का? ऐकलंस ना? सांगशील ना तिला?

हॅलो?… अक्का?… हॅलो?