कपाटाएवढा मिनी

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी नंबर लागायची वाट बघत होत्या.

"ताई, भावजींनी घरात काय आणलंय म्हणे?"

"जुना मिनिकॉम्प्युटर. कपाटाएवढा आहे."

"मग मिनी कसला?"

"त्याच्या आधीचे खोलीएवढे असायचे."

"ठेवलाय कुठे?"

"बेडरूममध्ये. पलंग गॅलरीत काढला."

"तू गॅलरीत झोपतेस?"

"एसी बेडरूममध्येच आहे ना, कॉम्प्युटरला उकाडा सोसत नाही गं."

"चालतो तरी का?"

"ह्यांनी आतलं एकेक कार्ड ब्रशने साफ केलं, तेव्हा कुठे काल चालला. दोन आणि दोन चार, असं बरोबर उत्तर दिलं. हे ढसाढसा रडले."

"बास झालं. बॅग भर आणि आजच माझ्याकडे चल."

"आज कशी येऊ? आज वजाबाकी आहे!"