दारापासून खिडकीपर्यंत

बायको : मग, आता तिथेच उभे राहणार आहात का?

नवरा : उभा कशाला? खिडकीचा कठडा आहे की बसायला.

बायको : वा! इतकी वर्षं या लाकडी फरशीची सेवा केलीत, आणि आज पॉलिश लावता लावता स्वतःलाच कोपऱ्यात कोंडून घेतलंत.

नवरा : नाही आलं लक्षात.

बायको : कुणाच्या? तुमच्या? कुणी खुर्ची सरकवली तर आतल्या खोलीतून ओरडणारे तुम्ही. पाहुण्यांच्या तोंडाआधी त्यांच्या बुटांचे तळवे बघणारे तुम्ही!

नवरा : बुटांत खडे अडकलेले असतात. ओरखडे पडले की पॉलिश पेपर घेऊन कोण घासत बसतं?

बायको : तुम्हीच. हौसेने. मी तापाने फणफणले होते, कपाळावर ठेवायला ओलं फडकं मागितलं, तर आधी विचारलंत, ‘नीट पिळू ना? थेंब पडेल.’

नवरा : पाण्याने लाकूड फुगतं.

बायको : मीही चार दिवस फुगून बसले होते. ते नाही दिसलं.

नवरा : दिसलं होतं.

बायको : दिसलं होतं म्हणे! बरं, खाली गाडी येऊन थांबलीय. मी आणि माझी बॅग या खोलीच्या उंबऱ्यात, बाहेरचं दार तिकडे, आणि मध्ये तुमचं हे तळं. जाऊ कशी?

नवरा : संध्याकाळपर्यंत वाळेल.

बायको : उद्या सकाळी नव्या हॉस्पिटलात मेट्रन म्हणून हजर व्हायचंय मला. कळवू का त्यांना, आमची फरशी ओली आहे, पेशंटना जरा धीर धरायला सांगा?

नवरा : पंखा लावलास तर लवकर... नको, नको. धूळ बसेल.

बायको : अगदी बरोबर. धूळ बसायला नको. बायको दोन वर्षं परगावी गेली तरी चालेल.

नवरा : चालेल असं मी कधी म्हटलं?

बायको : जाऊ नकोस असं तरी कधी म्हटलंत? तुमच्या बदल्यांच्या मागे संसार गुंडाळून तीन गावं हिंडले मी. आता पहिल्यांदा माझी पाळी आली. म्हटलं, रिटायर झालात, चला बरोबर. तर काय उत्तर? ‘फरशीकडे कोण बघणार?’ वॉर्डात सांगितलं मी हे. सगळ्या पोट धरधरून हसल्या. मला नाही हसू आलं.

नवरा : पुरे आता.

बायको : एक सांगा. दर वेळी तुम्ही खिडकीपासून सुरुवात करता आणि मागे सरकत सरकत दारातून बाहेर पडता. आज उलटं का केलंत?

नवरा : असंच.

बायको : मी आत कपडे भरत होते तेव्हा?

नवरा : हो. म्हटलं, बाहेरच्या दाराशी ओलं असलं की आज तरी तू निघणार नाहीस. पुढे मी कुठून बाहेर पडणार, ते डोक्यातच आलं नाही.

बायको : अहो, कमाल आहे तुमची! डबाभर पॉलिश संपवलंत, पण ‘राहा’ एवढं तोंडातून निघेना?

नवरा : म्हटलं असतं तर तू राहिली असतीस. आणि मग जन्मभर मला बोलली असतीस.

बायको : बोललेच असते. सोडते की काय! थांबा, फोन वाजतोय... हो दादा, आलेच. दोन मिनिटं... ऐकलंत? निघते मी. भिंतीला धरून कडेकडेने जाते.

नवरा : कडेला सगळ्यात जास्त ओलं आहे, घसरशील. आणि ती बॅग तुला उचलायची नाही. थांब तिथेच.

[तो ओल्या पॉलिशवरून सरळ चालत येतो.]

बायको : अहो, पाय! पाय बघा तुमचे! सगळी मेहनत मातीत घातलीत!

नवरा : असू दे. दे ती बॅग इकडे.

बायको : बरे आहात ना?

नवरा : तिकडे तुला क्वार्टर मिळालंय, तिथे फरशी कसली आहे?

बायको : साध्या टाइल्स. बादलीभर पाणी ओतायचं आणि पुसून काढायचं.

नवरा : मला जमेल का गं ते?