खरखरीत फरशी

उझबेकिस्तानातल्या मार्गिलान शहरात, फरशीच्या दुकानात मुहय्यो गुळगुळीत पांढरी फरशी हातात धरून रांगेत उभी होती. पुढे एक जोडपं हिशेब जुळवत होतं.

“न्हाणीघर, संडास घरातच घ्यायचं म्हटलं तर पैसे पुरत नाहीत. पुढच्या वर्षी बघू.”

“म्हणजे याही हिवाळ्यात तुमच्या आईंनी बर्फातून अंगण ओलांडायचं? मागे पडल्या तेव्हा मीच उचललं.”

“अगं, पण मजुरी?”

“गवंडी तेवढा एक घेऊ. बाकी कामाला गल्लीला हशर म्हणून, बिनमजुरीच्या मदतीला, बोलावू. सगळ्यांच्या घरांना आपण नाही का हात लावला?”

“गल्ली येईल, आणि कढईभर पुलावही खाईल! मेंढा कुठून आणू?”

“तुमच्या साठीच्या जेवणाला राखलाय तो आहे की.”

“म्हणजे माझ्या साठीच्या पाहुण्यांनी विटा वाहायच्या?”

“वाहू देत. पुलाव जास्त गोड लागेल.”

“तू कुणाचं ऐकशील तर शपथ! बरं, फरशी तरी चकचकीत घे. चार लोक बघतील.”

“चार लोक आंघोळीला येणार आहेत का? खरखरीत घ्या. ओल्या पायांनी आई घसरायच्या नाहीत.”

“आणि साठीला मला भेट काय?”

“तुम्हाला ‘बाळा’ म्हणणारं माणूस आहे ना घरात अजून? आणखी काय हवं?”

नवरा दुकानदाराकडे वळला.

“दादा, ती खरखरीतच बांधा. आणि चार जास्त टाका.”

मुहय्योचा नंबर आला. तिनं हातातली पांढरी फरशी हळूच ढिगावर परत ठेवली.

“ती खरखरीत अजून आहे का हो?”