अत्यावश्यक बायको

...आणि वर माझ्या बायकोला खिडकीशेजारची जागा! नाही, तुम्ही ऐका तर खरं. अख्खं विमान रिकामं, शेजारच्या खुर्च्या रिकाम्या, बाईसाहेब तिन्ही खुर्च्यांवर मस्त आडव्या होऊन गेल्या, आणि पोचल्यावर फोन करून मला सांगते काय, तर "अरे, इतका कंटाळा आला ना, बोलायला कुणी म्हणून नव्हतं!" बोलायला कुणी नव्हतं! आणि इकडे घरात मी तिच्या आईबरोबर एका सोफ्यावर बसून... जाऊ दे. मी जळत नाहीये हं. नुसतं सांगतोय.

तुम्हाला सांगतो, आम्ही नवरा-बायको एकाच विद्यापीठात शिकवतो. मी इतिहास. जुने दर्यावर्दी व्यापारी, त्यांची जहाजं, त्यांची बंदरं. ती समुद्रातले शिंपले. म्हणजे समुद्र दोघांचाही, पण तिचा ओला आणि माझा कागदावरचा! ती दरवर्षी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी, आणि मी? मी कधी परदेशाचं तोंड पाहिलेलं नाही. एका बंदरावर मी चांगलं जाडजूड पुस्तक लिहिलंय, आणि ते बंदर मी बघितलेलंच नाही! आणि मग, एकदाचं, त्याच बंदरातून बोलावणं आलं. परिषद! माझं भाषण! मी नवी निळी बॅग आणली, चार चाकांची, घरातल्या घरात ओढून बघितली, वळणावर कशी चालते ते बघितलं... आणि साथ आली.

विद्यापीठाचं परिपत्रक आलं. विद्यार्थी असोत, प्राध्यापक असोत, सगळे प्रवास रद्द. माझं भाषण रद्द, हिचे शिंपले रद्द, आणि शेजारच्या विभागातला तो अर्थशास्त्रवाला, महिन्यातून दोनदा विमानात बसायचा, प्रत्येक ठिकाणाहून स्वतःच्या बुटांचा फोटो पाठवायचा, तोही घरात! खोटं कशाला बोलू, वाईट दिवस होते, माणसं आजारी पडत होती, भीती मलाही वाटत होती... पण कुणीच कुठे जात नाहीये या विचारानं मला रात्री जी शांत झोप लागायची ना, तशी लग्नानंतर लागली नव्हती.

पण सुख बघवतं का कुणाला? दुसरं परिपत्रक आलं. आता म्हणे 'अत्यावश्यक' प्रवासाला परवानगी मिळणार. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून अर्ज भरले. तिनं चार ओळी लिहिल्या. मी माझ्या बंदराचं महत्त्व सांगायला पुरवणी जोडली. आणि उत्तर काय आलं? तिला हो. मला नाही!

मी तडक परवानगीबाईंना फोन लावला. परवानगीबाई म्हणजे विद्यापीठाच्या प्रवास कक्षातल्या अधिकारी. आवाज असा की बर्फानं ऐकावा आणि स्वेटर घालावा. म्हटलं, "मॅडम, माझं काम अत्यावश्यक नाही का?" म्हणाल्या, "सर, जे काम घरून होतं त्याला प्रवास नाही. तुमचं भाषण पडद्यावरून होईल." म्हटलं, "आणि शिंपले?" "शिंपले पडद्यावर येत नाहीत, सर." म्हटलं, "अहो, पण तिथली जुनी कागदपत्रं..." तर म्हणाल्या, "तुमची माणसं कधी वारली, सर?" म्हटलं, "झाली असतील तीन-चारशे वर्षं." "मग अजून एखादं वर्ष थांबतील की!"

बोला! माझी चूक एवढीच की माझी सगळी माणसं मेलेली!

घरात ही बातमी सांगितली तर सासूबाई, त्या आमच्याकडेच असतात, डोळे पुसत म्हणाल्या, "आमची पोर लहानपणापासूनच अत्यावश्यक हो!" आणि माझ्याकडे बघून, समजूत काढल्यासारख्या, "तुम्ही काही वाईट वाटून घेऊ नका. घरी पण माणूस लागतंच ना कुणीतरी." कुणीतरी! आणि बायको बेडरूमच्या दारात उभी. हळूच म्हणते, "ऐक ना... तुझी ती निळी बॅग नेऊ का? नाहीतरी पडूनच आहे."

नेली हो. मीच पुसून दिली. वळणावर कशी धरायची तेसुद्धा दाखवलं. मी जळत नाहीये, नुसतं सांगतोय.

बरं, तिकडे पोचल्यावर नियमाप्रमाणे तिला दोन आठवडे हॉटेलच्या खोलीत कोंडलं. मी म्हटलं, चला, आता बाईंना कळेल घरात बसणं म्हणजे काय ते! तर हिचा फोन. "अरे, भयंकर आहे रे. जेवण दाराबाहेर ठेवतात, टकटक करतात आणि निघून जातात. कुण्णी बोलत नाही. दिवसभर नुसतं पडून राहायचं." तुम्हीच सांगा, याला शिक्षा म्हणतात? जेवण आयतं, भांडी कुणी घासायला सांगत नाही, आणि दिवसभर पडून राहायचं... अहो, मी लग्नाआधी सुखाचं जे चित्र मनात रंगवलं होतं ना, ते तंतोतंत हे होतं!

आणि माझं भाषण? झालं ना. पडद्यावरून. मी कोट घातला, खाली पायजमा. बंदराच्या सुवर्णकाळात शिरलो, आणि मागून सासूबाई ओल्या चादरी घेऊन इकडून तिकडे. बराच वेळ बोलल्यावर कुणीतरी लिहिलं, 'सर, तुमचा आवाज येत नाहीये.' संपल्यावर एकच प्रश्न आला. 'त्या मागच्या बाईंना बसायला खुर्ची द्याल का?'

त्या दिवशी मी पेटलो. कुणाकडे तरी ओकायलाच हवं होतं. माझी एक विद्यार्थिनी आहे, माझ्याकडेच संशोधन करते, प्रत्येक वाक्याला शंका काढते म्हणून आम्ही तिला शंकाच म्हणतो. घर लांब, दोन विमानं बदलून जावं लागतं, म्हणून साथ आल्यापासून हॉस्टेलवर अडकलेली. तिला फोन लावला आणि सुरू झालो. निळी बॅग, खिडकी, तिन्ही खुर्च्या, शिंपले... ती सगळं ऐकतेय. एकही शंका नाही! म्हटलं, "अगं, आहेस ना?" तर बारीक आवाजात म्हणाली, "सर, माझ्या आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे. मी अर्ज केला होता. नामंजूर झाला. वैयक्तिक कारण म्हणे."

मी तिच्या अर्जाचा नंबर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी थेट प्रवास कक्षात. मधे काच, तोंडावर मास्क, चष्म्यावर वाफ. परवानगीबाई दिसत नव्हत्या, नुसता अंदाजानं ओरडत होतो. "शिंपल्यांना परवानगी आणि आईला नाही? शिंपले पडद्यावर येत नाहीत, तर आईचा हात पडद्यातून धरता येतो का? काय अत्यावश्यक आहे हो मग? कुणी ठरवायचं?" काय काय बोललो कुणास ठाऊक. थांबलो तेव्हा मास्क आत ओला झाला होता. मग बाई म्हणाल्या, "सर, स्वतःच्या अर्जाच्या वेळी एवढं छान का नाही बोललात?" आणि मग, जरा खालच्या आवाजात, "माझा मुलगा परदेशात एकटा आजारी होता. जाण्यासाठी मीही अर्ज केला होता. आणि मीच तो नामंजूर केला. नियम होता ना."

मी चष्मा पुसला. पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. तुम्हाला सांगतो, सगळ्या साथीत त्या एकाच बाईचा मला हेवा वाटला नाही.

"बरा आहे आता?" मी विचारलं. "बरा आहे," म्हणाल्या, आणि शंकाचा अर्ज वरच्यांच्या टेबलावर स्वतः घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत परवानगी! पोरगी फोनवर रडतेय, हसतेय, "सर, थँक्यू, सर, थँक्यू" करतेय, मी तिला "आईला सांभाळ" म्हणतोय... आणि ते म्हणता म्हणता माझ्या मनात काय आलं असेल? हीसुद्धा चालली! ज्या पोरीसाठी मी भांडलो, तिच्या टॅक्सीकडे मी असा बघत उभा होतो, जसं काही माझंच विमान सुटलंय. मी जळत नाहीये हो... बरं, जळतोय. थोडा. आई तिची ठणठणीत बरी झाली, हे ऐकून मात्र मनापासून आनंद झाला, तेही सांगतो.

मग बायको परतली. आणि तिसरं परिपत्रक! परदेशातून आलेल्यानं घरात एकट्यानं राहायचं, घरातल्यांनी दुसरीकडे जायचं. आणि माझ्या हातात परवानगीबाईंच्या सहीचं पत्र पडलं. अधिकृत प्रवासाची मंजुरी! आयुष्यातली पहिली! कुठून? प्राध्यापक निवासातून. कुठे? रस्त्यापलीकडच्या रिकाम्या हॉस्टेलवर. सहप्रवासी, सासूबाई.

तर आता मी इथे राहतो. पोरांचा पलंग इतका लहान की झोपताना आधी ठरवावं लागतं, पाय घ्यायचे की डोकं. भिंतीपलीकडून सासूबाईंचं घोरणं. रोज जेवण घेऊन रस्ता ओलांडायचा, माझ्याच घराच्या दारात ठेवायचं, टकटक करायचं आणि निघून यायचं. समोर गॅलरीत ती, मोकळ्या घरात, मोठ्या पलंगावरून उठून आलेली. काल तिथूनच फोन केला. म्हणाली, "काय रे, तिकडे किनाऱ्यावर काही सुंदर दिसलं की आधी तुझीच आठवण यायची. आणि आता समोर दिसतोस तरी चहा एकटीनंच प्यायचा. ये ना रे घरी."

मी खिडकीतून तिला हात केला. म्हटलं, "येतो की. अर्ज टाकलाय."